पहिलं लग्न शूट केलं, आता फोटो कोणाला दाखवू?



तुळशीचं लग्न झालं की नागपुरातल्या लॉन आणि सभागृहांच्या तारखा भरायला लागतात. त्यानंतर महिनाभरात माझ्या फोनवर एकाच चालीचे निरोप यायला सुरुवात होते. "दादा, मित्राच्या बहिणीचं लग्न शूट केलं. पहिलंच होतं. फोटो टाकतो, जरा फीडबॅक द्या ना." आणि खाली पंधरा-वीस फोटो. त्यात नवरीचा आरशातला एक, मेंदीचे हात, अंगठ्या, आणि जोडप्याचा मावळत्या उन्हातला एक.

आजचा भाग म्हणजे या निरोपाला दिलेलं सविस्तर उत्तर आहे. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलताना झालेलं पाल्हाळ थोडं कापलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मी गेली वीसेक वर्षं नागपूर आणि आसपासच्या गावांत लग्नाचे फोटो काढतोय. नव्या पोरापोरींचं काम बघत बसणं मला मनापासून आवडतं. पण या पंधरा फोटोंवर मी काय बोलणार? चांगलेच असतात ते. चांगले म्हणूनच तर निवडलेले असतात. मला जे बघायचं असतं ते मागे राहिलेल्या हजार-दीड हजार फोटोंमध्ये असतं.

दोन वेगळे प्रश्न

आधी एक गोष्ट समजून घेऊ. फुटाळ्यावरचा सूर्यास्त आज जमला नाही तर उद्या पुन्हा जाता येतं. लग्नाचं तसं नाही. अंतरपाट एकदाच खाली येतो. म्हणून लग्नाच्या फोटोंवर फीडबॅक मागताना खरं तर दोन प्रश्न असतात, आणि ते एकमेकांत मिसळले की दोन्हीची उत्तरं बिघडतात.

पहिला प्रश्न: जे काढून झालंय त्यातून या घराला जास्तीत जास्त काय देता येईल? दुसरा प्रश्न: पुढच्या लग्नात मी काय वेगळं करू?

पहिल्या प्रश्नाला मुदत असते, कारण घरचे फोटोंची वाट बघत असतात. दुसऱ्याला मुदत नाही. बहुतेक जण फक्त दुसरा प्रश्न विचारतात, आणि तोही फोटो घरच्यांच्या हातात देऊन झाल्यावर. मग कोणीतरी सांगतं की "अरे, तो बाजूला टाकलेला फोटोच सगळ्यात महत्त्वाचा होता", आणि तोवर कार्ड फॉरमॅट झालेलं असतं. म्हणून पहिला नियम लिहून ठेवा: फीडबॅक घेऊन, निवड पक्की करून, फोटो पोचते होईपर्यंत एकही फोटो पुसायचा नाही. हललेला, काळा पडलेला, डोळे मिटलेला, सगळे ठेवायचे. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायचे.

"भारी!" आणि "कॅमेरा बदल"

मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले की दोनच प्रकारची उत्तरं येतात. एक म्हणजे "भारी", "एक नंबर", "जमलं बे". दुसरं म्हणजे "लेन्स कोणती वापरली? फुल फ्रेम घे." पहिल्याने बरं वाटतं, दुसऱ्याने खिशाला भोक पडतं. शिकायला दोन्हींतून काही मिळत नाही.

यात त्या मित्रांचा दोष नाही. "कसे आहेत?" असं विचारलं की माणूस "छान आहेत" असंच म्हणणार. लग्नाला जेवून आल्यावर "जेवण कसं होतं?" विचारल्यासारखं आहे ते. "वडाभातात मीठ बरोबर होतं का?" असं विचारा, मग खरं उत्तर येईल.

तर मग काय विचारायचं? "मंगलाष्टकांच्या वेळी मी डाव्या बाजूला उभा होतो. तिथून नवरदेवाचा चेहरा झाकला जातोय का?" "हळदीच्या फोटोंत सगळ्यांची कातडी हिरवट दिसतेय, ती उजेडामुळे की माझ्या सेटिंगमुळे?" "पाठवणीचे साठ फोटो आहेत, त्यातले कोणते सहा ठेवू?" अशा प्रश्नांवर जाणकार माणूस दहा मिनिटांत कामाचं सांगतो.

आणखी एक गोष्ट, अगदी साधी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो दाबला जातो, लहान होतो, आणि त्याच्यासोबतची शटर, आयएसओ वगैरे माहिती गळून पडते. मग समोरचा म्हणतो "शार्प नाहीये", आणि तुम्ही रात्रभर लेन्सला शिव्या देत बसता. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. त्याहून चांगलं म्हणजे लॅपटॉप घेऊन समोर जाऊन बसा.

निवडलेले नकोत, सगळे दाखवा

फिल्मच्या काळात ही गोष्ट आपोआप व्हायची. ३५ मिलिमीटरच्या एका रोलमध्ये ३६ फोटो. स्टुडिओवाल्यांकडे १२० रोलचा चौकोनी फोटो काढणारा कॅमेरा असेल, तर एका रोलमध्ये १२च. रोल धुतल्यावर निगेटिव्हच्या सगळ्या पट्ट्या एकाच फोटोकागदावर ठेवून त्यांची छाप काढायचे. तिला म्हणायचे कॉन्टॅक्ट शीट. चांगले, वाईट, वाया गेलेले, सगळे फोटो काढलेल्या क्रमाने एकाच कागदावर. मोठी फोटोएजन्सी असो की कुठलं वर्तमानपत्र, निवड करणारा माणूस भिंग घेऊन या शीटवर बसायचा. १९४७ साली सुरू झालेल्या मॅग्नम या छायाचित्रकारांच्या प्रसिद्ध संस्थेने तर २०११ मध्ये आपल्या लोकांच्या कॉन्टॅक्ट शीट्सचं भलंमोठं पुस्तकच काढलं. नावाजलेल्या फोटोच्या आधी आणि नंतर त्या माणसाने काय काय काढलं होतं, हे त्यात दिसतं.

शीट बघणाऱ्याला तुम्ही कसे वागलात ते कळतं. एका जागी किती वेळ खिळून राहिलात, कुठून हललात, कधी घाबरून बटण दाबत सुटलात, कोणता क्षण येणार हे आधी ओळखलंत, आणि कोणता संपल्यावर तिथे पोचलात. निवडलेल्या पंधरा फोटोंत यातलं काहीच उमटत नाही.

आज हीच शीट करायला पाच मिनिटं लागतात. फोटो बघायच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सगळे फोटो वेळेच्या क्रमाने लहान चौकटींत लावा. आणि तसंच, न निवडता, जाणकाराला दाखवा. लाज वाटते, मान्य आहे. पण डॉक्टरकडे गेल्यावर दुखतं ती जागा दाखवावीच लागते.

पहिला फीडबॅक: घरची आत्या

आता कोणाला दाखवायचे? माझ्या हिशेबाने चार जणांना, आणि क्रमही महत्त्वाचा.

सगळ्यात आधी घरची एक जाणती बाई. आत्या, मावशी, मोठी काकू, जिला दोन्हीकडची माणसं नावानिशी माहीत आहेत. तिच्यासमोर लॅपटॉप ठेवा आणि एकच विचारा: "कोण राहिलं?"

ती फोटोचं सौंदर्य बघत नाही, माणसं मोजते. "हे अमरावतीचे भाऊजी, हे आले. ह्या वर्ध्याच्या आजी, ह्या फक्त पाठमोऱ्या आहेत. मामाजी कुठे आहेत?" अर्ध्या तासात तुमच्याकडे अशी यादी तयार होते, जी कोणताही फोटोग्राफर तुम्हाला देऊ शकत नाही. लग्नाच्या अल्बमचं खरं काम हेच तर आहे. दहा वर्षांनी लोक तो उघडतात तेव्हा आजोबा कसे दिसायचे ते बघायला उघडतात.

मामाचंच घ्या. आपल्याकडे नवरीला मांडवात मामा घेऊन येतो आणि मंगलाष्टकांच्या वेळी तो तिच्या पाठीशी उभा असतो. नव्या फोटोग्राफरच्या फोटोंत मामाचा बहुतेक वेळा कोपर दिसतो. कॅमेरा नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर खिळलेला असतो, आणि मागचा माणूस चौकटीच्या कडेला कापला जातो. हे तांत्रिक दृष्टीने "घट्ट फ्रेम" म्हणून चांगलंही दिसेल. घरात मात्र त्यावरून वर्षभर बोलणं होतं.

एका मुलाचं सांगतो. इंजिनीअरिंगला होता, मित्राच्या बहिणीचं लग्न वर्धा रोडच्या एका लॉनवर शूट केलं होतं. त्याने निवडलेले फोटो नेटके होते. मी म्हटलं, सगळे लाव. मंगलाष्टकांच्या त्या दहा-बारा मिनिटांत त्याने दोनशेच्या आसपास फोटो काढले होते, आणि जवळजवळ सगळे त्या दोघांचे. मधेच एक फोटो वेगळा होता. बहुधा जागा बदलताना घेतलेला, जरा वाकडा, जरा हललेला. मांडवाच्या मागच्या अंगाला तुळशीची कुंडी, आणि तिच्यासमोर हातात तांब्या धरून उभी असलेली नवरीची आई.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. काही घरांमध्ये अशी रीत आहे की मंगलाष्टकं चालू असताना मुलीची आई समोर थांबत नाही. ती तुळशीला पाणी घालत असते. म्हणजे बघा, सगळा मांडव ज्या क्षणाकडे बघत असतो तो क्षण एक माणूस बघत नाही, आणि तेच माणूस तिची आई असतं. तिला तो क्षण नंतर फोटोतच बघायचा असतो. आणि तिची बाजू, ती तिकडे एकटी काय करत होती, ते मुलीने कधीच बघितलेलं नसतं.

त्या मुलाने तो फोटो हललेला म्हणून बाजूला टाकला होता. मी त्याला म्हटलं, आधी हा घरी दाखव, मग ठरव. तो मित्राच्या घरी गेला. काकूंनी फोटो बघितला आणि विचारलं, "हा कधी काढला रे तू?" मग म्हणाल्या, "आमच्या भावाचाही काढला असशील नं?" भावाचा, म्हणजे नवरीच्या मामाचा, मंगलाष्टकांतला धड फोटो नव्हता. मग सगळे फोटो पुन्हा चाळले. शेवटी पंगतीत आग्रह करून वाढतानाचा मामाचा एक झकास फोटो सापडला. तोही निवडीतून सुटलेलाच. दोन्ही फोटो अल्बमात गेले. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं म्हणजे काय, ते हे.

आत्याला विचारायचा दुसरा प्रश्न: "या जोडप्याचा समोरून, हार घातलेला, दोघांचे चेहरे स्पष्ट दिसणारा एक फोटो आहे का?" विवाहनोंदणीच्या वेळी लग्नपत्रिकेबरोबर लग्नाचा फोटोही सामान्यतः मागतात. कलात्मक सावलीतला फोटो तिथे चालत नाही.

दुसरा फीडबॅक: अनुभवी फोटोग्राफर

माणसांची यादी झाली की मग फोटोग्राफरकडे जा. त्याला माणसं माहीत नाहीत, पण उजेड माहीत आहे. शक्यतो आपल्याच भागातल्या माणसाकडे जा, कारण आपल्याकडच्या उजेडाच्या काही खास अडचणी आहेत.

पहिली अडचण गोरज मुहूर्ताची. मुंबई-पुण्याच्या फोटोग्राफरचे व्हिडिओ बघून लोक वेळेचा अंदाज बांधतात. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, घड्याळ मात्र देशभर एकच. त्यामुळे इथे सूर्य मुंबईपेक्षा वीस ते तीस मिनिटं आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाच-पावणेसहालाच अंधारायला लागतं. आणि मुहूर्त ठरल्या वेळी लागेलच असं नाही, वरात चौकात नाचत असते. म्हणजे पत्रिकेवर संध्याकाळ लिहिलेली असली, तरी तुमच्या वाट्याला पुष्कळदा रात्र येते. फोटो काळे पडले असतील तर जाणकार तुम्हाला "आयएसओ वाढव" एवढंच सांगणार नाही. "वरात दारात आली तेव्हाच फ्लॅश लावून तयार राहायला हवं होतं," असं सांगेल.

दुसरी, रंगीत कापडाचा मांडव. दुपारच्या लग्नात ऊन लाल-पिवळ्या कापडातून गाळून येतं आणि सगळे चेहरे त्या रंगाचे होतात. त्यात नवरीची अष्टपुत्री पिवळी, अंगाला हळद. हा रंग नंतर कॉम्प्युटरवर काढायचा तर फोटो रॉमध्ये काढलेले असावे लागतात. जेपेगमध्ये तो पूर्ण निघत नाही. पुढच्या वेळी जोडप्याचे दोन-चार फोटो मांडवाच्या कडेला, जिथे मोकळ्या आभाळाचा उजेड येतो आणि थेट ऊन येत नाही, तिथे घ्यायचे.

तिसरी, एलईडी. फोटोवर आडवे काळे पट्टे आले असतील तर कॅमेरा बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. अशा ठिकाणी शटर १/१०० किंवा १/५० ठेवून बघा, आणि आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा.

चौथी, पांढरा रंग. नागपुरात फोटो काढायचे तर बौद्ध पद्धतीची लग्नं तुमच्याकडे येणारच. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत, मागे बुद्ध आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील. कॅमेऱ्याचं मोजमाप असं बनवलेलं असतं की समोर सगळं पांढरं दिसलं की ते त्याला करडं करून टाकतं. पांढरी साडी मळकी दिसत असेल तर कारण बहुतेक हेच. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन अर्ध्या ते एक स्टॉपने वाढवायचं.

आणि मे महिन्याचं वेगळं सांगायला नको. पारा ४५च्या वर, डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या, आणि बाजूला डेझर्ट कूलर. कूलरच्या समोर उभं राहिलं की लेन्सवर पाण्याचे बारीक थेंब बसतात. पुढचे शंभर फोटो धुरकट का आले, ते मग कळत नाही.

जाणकाराजवळ बसाल तेव्हा "हललेला" हा शब्द नीट फोडून विचारा, कारण त्यात तीन वेगळे आजार आहेत. सगळंच फरकटलेलं दिसतंय, मागचा खांबसुद्धा, तर तुमचा हात हलला. खांब स्वच्छ आहे पण अक्षता टाकणारे हात फरकटलेत, तर शटर संथ पडलं. आणि काहीच फरकटलेलं नाही, पण नवरीऐवजी मागच्या भटजींची टोपी शार्प आहे, तर फोकस चुकीच्या जागी बसला. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या दोन्हींत शटरचा वेग वाढवायचा, पण पहिल्यात कॅमेरा धरायची पद्धतही बघायची. तिसऱ्यात शटरला हात लावून काही उपयोग नाही, फोकसचा बिंदू स्वतः निवडायला शिकायचं. नुसतं "ब्लर आहे" असं सांगणाऱ्याला विचारा, "यातलं कोणतं?"

तिसरा फीडबॅक: अल्बमचं डिझाइन करणारा

हा माणूस सगळे विसरतात. अल्बम लावणारा वर्षाला कितीतरी फोटोग्राफरांचं काम हाताळतो आणि कोणाचं कुठे अडतं ते त्याला पाठ असतं. त्याला विचारा: "माझ्या फोटोंतून पानं लावताना तुला काय कमी पडलं?"

उत्तरं ठरलेली असतात. सगळे फोटो उभेच आहेत. सगळे इतके जवळून घेतलेत की बाजूला जागाच नाही. करिझ्मा अल्बमचं उघडलेलं पान पुष्कळदा १२ बाय ३६ इंचांचं असतं, म्हणजे उंचीच्या तिप्पट रुंद. त्यावर एक मोठा फोटो पसरायचा तर तो आडवा हवा, आणि नवरा-नवरी बरोबर मधोमध नकोत, कारण पान तिथेच दुमडतं. संपूर्ण मांडवाचा, रुखवताचा, जेवणाच्या पंगतीचा असा एकेक दुरून घेतलेला आडवा फोटो हवा. पानं त्यावर बांधली जातात. मोबाइलवर फोटो उभा छान दिसतो म्हणून कॅमेरा दिवसभर उभाच धरला, तर त्याची किंमत इथे मोजावी लागते.

चौथा फीडबॅक: मांडवातली माणसं

चौथा फीडबॅक फोटोंवर नसतो, तुमच्यावर असतो. तुम्ही कुठे आडवे आलात हे तुमच्या एकाही फोटोत दिसणार नाही, कारण तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे होता. ते गुरुजींना किंवा भंतेजींना विचारा, व्हिडिओ काढणाऱ्याला विचारा, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या एखाद्या आजोबांना विचारा.

गुरुजी सांगतील, "सप्तपदीच्या वेळी तुम्ही होमाच्या अगदी तोंडाशी बसलात, मुलीला वळायला जागा नव्हती." व्हिडिओवाला सांगेल, "भाऊ, माझ्या अर्ध्या शूटमध्ये तुझी पाठ आहे." आजोबा म्हणतील, "आम्हाला तर काही दिसलंच नाही बाप्पा." हे ऐकायला कडू लागतं, पण पुढचं काम मिळायचं की नाही ते पुष्कळदा यावर ठरतं. लग्न त्या माणसांचं असतं आणि ती ते बघायला आलेली असतात.

यातून एक चांगली सवय लागते. पुढच्या लग्नाच्या आदल्या दिवशीच गुरुजींना किंवा भंतेजींना विचारायचं की विधी कोणत्या क्रमाने होणार, आणि मी कुठे उभा राहिलो तर तुम्हाला अडचण होणार नाही. घराघराची रीत वेगळी असते. यूट्यूबवरचं लग्न आणि कामठीच्या या घरचं लग्न एक नसतं.

दाखवण्याआधी विचारा

आता जरा कायद्याचं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ असं सांगतं की कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले, आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या फोटोंच्या कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणारा असतो. म्हणजे पैसे घेऊन लग्न शूट केलंत आणि कागदावर काही लिहिलं नसेल, तर ते फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचा हक्क आपोआप तुमचा होत नाही. काम घेतानाच दोन ओळी लिहून घ्या: शिकण्यासाठी आणि कामाचा नमुना म्हणून यातले काही फोटो दाखवायला आमची हरकत नाही.

फुकट काढले असतील तर हे कलम तसं आड येत नाही, पण घरच्यांचा विश्वास तर आड येतो ना. पाठवणीला रडणारी बहीण, हळदीत भिजलेल्या मैत्रिणी, यांना न विचारता शेकडो अनोळखी लोकांसमोर "फीडबॅक द्या" म्हणून फोटो टाकणं बरं नव्हे. एका जाणकाराला घरी बसून लॅपटॉपवर दाखवणं वेगळं, आणि चावडीवर मांडणं वेगळं. शंका असेल तर विचारा. "काकू, हे चार फोटो माझ्या शिकवणाऱ्यांना दाखवू का?" एवढंच.

ऐकून झालं, आता काय?

चौघांचं ऐकलं की डोक्यात गोंधळ होतो. वहीचं एक पान घ्या, मधोमध रेघ मारा.

डावीकडे: या घरासाठी आत्ता करायचं. राहिलेली माणसं सगळ्या फोटोंत पुन्हा शोधणं, रंग सुधारणं, वाकडे फोटो सरळ करणं, सारखे फोटो कमी करणं. आणि जे मिळालंच नाही, ते स्वतःहून सांगणं. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये पुष्कळदा तेच फोटो असतात. घरच्या ग्रुपवर "मामाजींचे फोटो कोणाकडे असतील तर मूळ फाइल पाठवा" असा निरोप टाकला की काहीतरी हाती लागतं. घरच्यांनी अल्बम उघडून शोधण्याआधी तुम्ही सांगितलं तर ते समजून घेतात. नंतर कळलं तर ती तक्रार होते.

उजवीकडे: पुढच्या वेळी. इथे तीनच गोष्टी लिहा. वीस लिहिल्या तर एकही होणार नाही. "मंगलाष्टकांत एकदा मागे वळून बघायचं. आडवे फोटो. गुरुजींना आधी विचारायचं." एवढं एका चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवा. दुसऱ्या लग्नाचे फोटो झाले की त्याच जाणकाराकडे जा आणि विचारा, या तीन गोष्टींत फरक पडला का? फीडबॅक एकदाच घेऊन काही होत नाही. त्याच माणसाने दुसऱ्यांदा बघितलं की खरं कळतं.

आणि चौघांत मतभेद झाले तर? होणारच. जाणकार म्हणेल हा फोटो काढून टाक, हललाय. आत्या म्हणेल हाच मोठा करून लाव. अशा वेळी मी आत्याचं ऐकतो. जाणकाराचं मत पुढच्या लग्नासाठी वहीत लिहून ठेवतो. अल्बम तिच्या घरात राहणार आहे, माझ्या नाही.

तर मंडळी, या मोसमात ज्यांचं पहिलं लग्न असेल त्यांनी कार्ड पुसू नका, सगळे फोटो क्रमाने लावा आणि आत्याला चहाला बोलवा. पुढच्या भागात पैशाचं बोलू: पहिल्या कामाचे किती मागायचे, आणि "घरचंच आहे नं" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं. तोवर, भेटू.